काल्दामाचा घाट आणि अकरा मंगळवार

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या लालबागच्या चाळीत कोणीही सांगेल. मुलगी बघायला गेलो आणि पोह्यांच्या बशीत चष्मा पडला, तो धुवायला उठलो तो शेजाऱ्यांच्या मोरीत शिरलो – हे मीच सांगितलं. साहेबांच्या निरोपसमारंभात बोलायला उभा राहिलो आणि भाषण श्रद्धांजलीचं करून बसलो – हेही मीच. माझी फजिती मी दुसऱ्याला सांगू देत नाही. लोक नीट सांगत नाहीत.

पण एक गोष्ट मी सात वर्षं कोणाच्या कानावर घातलेली नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, दोन पेग झाल्यावरही नाही. आणि आता तुमच्यापुढे बसलोय, तर बघा – आधी चष्मा सांगितला, मग मोरी सांगितली. हसवून घेतलं. जुनी सवय आहे. माणूस हसला की पुढचं विचारत नाही.

तर. कुठून सुरू करू?

सायकलपासून करतो. ते सोपं आहे.

मी शिवडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात डिस्पॅच बघतो. कुठला माल कुठल्या ट्रकात, कुठला ट्रक कुठल्या गावाला – हे माझं काम. लालबाग ते शिवडी सायकलने जायचो. आधी पेट्रोल वाचावं म्हणून, मग पोट कमी व्हावं म्हणून, मग नुसतंच. एका रविवारी लोणावळ्याला गेलो. दुसऱ्या वर्षी गोव्याला गेलो. आणि मग, चाळीशी ओलांडल्यावर, डोक्यात भूत शिरलं – परदेशात जायचं. एकट्याने, सायकलवर. किर्गिझस्तान. ओश नावाच्या गावापासून बिश्केक नावाच्या राजधानीपर्यंत, मधल्या डोंगरांतून, आठशे किलोमीटर.

किर्गिझस्तानच का? कारण व्हिसा घरबसल्या मिळत होता आणि ओळखीचं कोणी तिथे गेलेलं नव्हतं. दुसरं कारण महत्त्वाचं. कोणी गेलेलं नसलं की तपासत कोणी नाही. हे तेव्हा माझ्या मनात होतं का? नव्हतं, असं मी म्हणत आलोय.

वाटेत जलालाबाद नावाचं एक गाव होतं. ते कळल्यावर चाळीत दोन दिवस हलकल्लोळ. ते अफगाणिस्तानातलं जलालाबाद वेगळं, हे वेगळं, हे मी नकाशा भिंतीला लावून समजावलं. तरी पहिल्या मजल्यावरच्या परबकाकी माझ्या बायकोला, माधवीला, जिन्यात गाठून म्हणाल्याच, "गो, ह्याचो विमो काढलंस मां?"

आणि आई. आईला विम्याची काळजी नव्हती. तिला वेगळीच होती.

मी लहानपणापासून अर्धवट. तबल्याच्या क्लासला गेलो, तीनतालापर्यंत पोचलो. दादरला पोहायला घातलं, तर श्वास रोखायला शिकलो, हातपाय मारायच्या आधी सोडलं. कायद्याचं शिक्षण दोन वर्षं केलं, तिसरं राहिलं. आई परळच्या हॉस्पिटलांत बाहेरगावच्या पेशंटांच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे पोचवायची. बाबा गेल्यावर वीस-बावीस वर्षं, पायी, पावसातसुद्धा, एक दिवस चुकला नाही. तिच्या पोटी मी. ती ओरडायची नाही. फक्त कोणी विचारलं की म्हणायची, "ह्याचा सगळा दुपारमेरेन असता." म्हणजे दुपारपर्यंत. दिवस पुरा करत नाही.

म्हणून निघायच्या दिवशी तिने तात्यांना बोलावलं. तात्या परब – त्या काकींचे यजमान. आमच्याकडे शुभकार्याला, प्रवासाला निघताना गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा आणि देवाला मोठ्याने, सगळ्यांसमोर, बाजू मांडल्यासारखं सांगायचं. बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष द्यायची. तात्या गाऱ्हाणं फार रंगवतात. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माझी सायकल खोक्यात भरून उभी, तिला हळदकुंकू लावलेलं, आणि तात्या:

"बा देवा म्हाराजा! ह्यो आमच्या चाळीचो झील आज परमुलखाक चल्लो हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत काय आडमेळा येयत, कुत्रो-माजर येयत, पंक्चर-बिंक्चर होयत, ता दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पोरं फिदीफिदी हसत होती. मीही. तेवढ्यात आई पुढे झाली आणि तात्यांच्या कानात काहीतरी बोलली. तात्या तिच्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, पायाक साखर आसा तुमच्या. ह्या कित्याक?" आईने नुसती मान हलवली – बोला. मग तात्या बोलले, आणि आवाज उतरला होता.

"ह्यो झील कोणाच्या गाडयेत नाय बसता, आपल्या पायांच्या जोरार सगळी वाट पुरी करून इलो, तर तेची आवस अकरा मंगळवार अनवाणी, चलत, प्रभादेवीक येतली, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

त्या आवाजात माझाही आवाज होता. मीही साक्ष दिली.

लक्षात आलं तुमच्या? तिने 'सुखरूप येऊ दे' असा नवस नव्हता बोलला. 'पुरं करू दे' असा बोलला होता. देवीकडे तिने माझा जीव मागितला नाही, माझा एक पुरा दिवस मागितला.

आता घाट. हा भाग मी शाळांमधून, रोटरीवाल्यांसमोर, गणपतीच्या मांडवात, सायकलवाल्यांच्या मेळाव्यात इतक्या वेळा सांगितलाय की झोपेतही सांगेन. जलालाबाद सोडलं की रस्ता डोंगरात शिरतो. काल्दामा नावाची खिंड. तीन हजार मीटरच्या वर. डांबर संपतं, खडी लागते. खडी कसली, दगडच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, खाली मेंढ्या तांदळाच्या दाण्यांएवढ्या. इथे मी थांबतो, पाणी पितो. मग सांगतो – गारा. सुपारीएवढ्या गारा! हेल्मेटवर ताशा वाजत होता. मग गुडघा. मग धनगरांची कुत्री. मग संध्याकाळी माथ्यावर पोचलो तेव्हा मला रडू फुटलं. इथे बायका पदर डोळ्यांना लावतात.

खरं काय झालं?

गारा पडल्या नाहीत. आकाश असं निळं होतं की बघत राहावं. गुडघा दुखत नव्हता, आजही दुखत नाही. कुत्री होती, पण झोपलेली. सकाळी दहा वाजायचे होते, मी घाटाला लागून जेमतेम दोन तास झाले होते, आणि – हे सांगायला जीभ वळत नाही, कारण यात काहीच नाही. एखादी आपत्ती असती, ताप असता, भीती असती, तर सांगितलं असतं. मला कंटाळा आला. एवढंच. पुढचं वळण दिसलं, त्याच्या पुढचं दिसलं, त्याच्याही पुढचं दिसलं, आणि मला वाटलं – नको.

एका दगडावर बसून आईने दिलेले डिंकाचे लाडू खाल्ले. तीन. खालून एक ट्रक आला. कलिंगडांनी भरलेला, निळ्या केबिनचा, ड्रायव्हरचे पुढचे दोन दात सोन्याचे. त्याने थांबवला. हात केलाही नव्हता मी. किंवा केला असेल. आयुष्यभर लोकांचा माल ट्रकात चढवत आलोय, हात आपोआप वर जात असेल. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची नाही. त्याने शेजारच्या सीटवर थाप मारली. बस.

सायकल कलिंगडांवर आडवी टाकली, दोरीने बांधली. गाठ मीच मारली – आमच्या गोदामातली, पक्की. आणि सांगतो, लाज वाटली का? नाही. मजा वाटली. केबिनमध्ये गरम होतं. त्याने मला कडक वाळवलेल्या दह्याची गोळी दिली, मिठात घोळवलेल्या खडूसारखी. मी त्याला चौथा लाडू दिला. आम्ही दोघं तोंडं वाकडी करत हसलो. मी आमच्या मांडवातली एक आरती म्हटली, त्याने स्टिअरिंगवर ठेका धरला. चार तासांत माथा आला.

माथ्यावर मी त्याला थांबवलं. सायकल उतरवली. खिंडीच्या पाटीला टेकवली, एक पाय पेडलवर ठेवून उभा राहिलो, त्याच्या हातात मोबाईल दिला. त्याने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं समजलं. त्याला इतकं हसू आलं की मोबाईल पडायचा. मग तो केबिनमधून पाण्याची बाटली घेऊन आला आणि माझ्या टी-शर्टच्या छातीवर, काखेत, नेमका घाम येतो तिथे, पाणी ओतलं. केस विस्कटले. दोन पावलं मागे जाऊन बघितलं, आणि अंगठा वर केला.

तोच फोटो. तुम्ही लालबागला कधी आला असाल तर फ्लेक्सवर बघितला असेल.

उतार तरी सायकलवरून उतरायचा की नाही? उतार! पेडलसुद्धा मारायला लागत नाही. तोही ट्रकातच उतरलो. सीट गरम झाली होती.

पुढे काझारमान नावाचं गाव. तिथून बिश्केकपर्यंत मात्र सगळं पायांनी. वाळवंटासारखा मैदानी टापू, आणखी एक मोठी खिंड, उलट्या वाऱ्याची एक घळ – सगळं. खरंच. म्हणजे आठशेमधले साधारण सव्वाशे किलोमीटर मी ट्रकात बसलो. तुम्ही म्हणाल, मग झालं काय? एवढ्याशा गोष्टीचं एवढं? माझंही तेच म्हणणं होतं. काझारमानला त्या दिवशी संध्याकाळी, बिछान्यावर पडल्या पडल्या, माझं अगदी हेच म्हणणं होतं.

मग आईचा फोन आला. फोटो तिला मिळाला होता.

"चढलंस?"

"व्हय."

"कोणाच्या गाडयेत बसलंस नाय मां?"

"नाय गे."

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तिने कोणाला तरी सांगितलं – परबकाकी असणार – "पुरो केल्यान गो." आणि फोन हातात तसाच ठेवून रडायला लागली. आईला रडताना मी फारसं ऐकलेलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा ती डब्यांची कणीक मळत होती.

मी त्या वेळी सांगू शकलो असतो ना? एक वाक्य होतं. 'आई, थोडं ट्रकातून आलो.' ती म्हणाली असती, 'दुपारमेरेन' – आणि विषय संपला असता. नवस लागू झाला नसता. तिने दिलेली अट साधी होती आणि ती पाळली गेली की नाही, हे जगात दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक सोन्याच्या दातांचा, तिकडे डोंगरात.

मी परतलो तेव्हा विमानतळावर ढोल. चाळीखाली फ्लेक्स – मोठ्या नेत्यांची मोठी तोंडं, खाली कोपऱ्यात मी, ओल्या टी-शर्टात. शाल, श्रीफळ. सायकलवाल्या ग्रुपमधल्या एकाने विचारलं, "दादा, त्या घाटात किती सायकल मारली त्याचं मोबाईलमधलं रेकॉर्डिंग नाही तुमचं? मधला दिवस गायब आहे." मी म्हटलं, "गारांनी फोन भिजला रे." गारा तिथे पहिल्यांदा पडल्या. त्या उत्तरात.

आणि पुढच्या मंगळवारी सकाळी आई उंबऱ्याबाहेर आली. हातात ओटीचं सामान, पायात काही नाही.

ऑक्टोबर होता. मुंबईतला ऑक्टोबर तुम्हांला सांगायला नको. लालबागहून परळ, परळहून पूल ओलांडून प्रभादेवी. रस्ता खणलेला, बाजूला पत्रे ठोकलेले, खडी, काचा, बांधकामाच्या सळ्यांच्या तारेचे तुकडे. आईला तेरा वर्षांचा डायबेटीस. डॉक्टरांनी सांगितलेलं की घरातसुद्धा चप्पल घालून वावरा, पायाला काही लागलं तर कळणार नाही. माधवी म्हणाली, "आई, निदान मोजे तरी घाला." आई म्हणाली, "मोजे घालून अनवाणी? म्हणजे उपासाक भजी खाल्ल्यासारख्या."

माधवीने माझ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

ऐकलं असतंच. माझ्याकडे जे वाक्य होतं ते ऐकून आई तिथल्या तिथे थांबली असती. मी म्हटलं, "मी जातो बरोबर."

बरोबर गेलो. अकराही मंगळवार गेलो. पायात बूट. तेच, किर्गिझस्तानचे.

पहिल्या मंगळवारी वाटलं, एकच तर आहे. दुसऱ्या मंगळवारी वाटलं, आता सांगितलं तर पहिला वाया गेला म्हणून तिला वाईट वाटेल. बघितलंत? मी असा विचार करू शकतो. तिसऱ्या, चौथ्या मंगळवारी मी विनोद करत चाललो. परळच्या नाक्यावर ती उन्हाने तापलेल्या रस्त्यावरून पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देत चालायची, कारण पट्टा कमी भाजतो. मी म्हटलं, "आई, तू बुद्धिबळातल्या घोड्यासारखी चालतेस." ती इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. आमच्यासारखी मायलेकरं नाहीत, असं कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं.

सातव्या मंगळवारी घरी आल्यावर ती पाय धुवून आत गेली आणि मोरीपासून खोलीपर्यंत फरशीवर ओले ठसे उमटले. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या जागी ठसा वेगळ्या रंगाचा. प्रत्येक पावलाला. मी तो बघितला. माधवी स्वयंपाकघरात होती. मी फडकं घेतलं आणि पुसलं.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं, इतकं हे एक वाक्य आहे. मी फडकं घेतलं आणि पुसलं. मला वाटलं, लहानसं असेल. नाही – असं वाटलं नाही मला. मला वाटलं, हे माधवीने बघितलं तर आज ऐकणार नाही, डॉक्टर, चौकशी, चालणं बंद, आणि आईला समजवायला मला बसवतील. आणि समजवायला माझ्याकडे खरं सोडून दुसरं काही नव्हतं.

नवव्या मंगळवारी मी ठरवलं होतं. खरंच. रात्रभर वाक्य जुळवलेलं. पुलाच्या चढावर ती कठड्याला धरून थांबली. पाय किंचित उचलून धरत होती. दुखत नव्हता तिला, जड लागत होता म्हणाली. मी म्हटलं, "आई, एक सांगायचंय." ती म्हणाली, "सांग मरे." आणि समोरून एक माणूस बायको-मुलीला घेऊन आला आणि ओरडला, "अरे, तुम्ही ते सायकलवाले ना? आमच्या हिच्या शाळेत आला होता!" मुलगी लाजत पुढे झाली. सेल्फी झाला. त्याने आईला विचारलं, "आजी, तुम्ही आई का यांच्या?" आई अनवाणी, घामाघूम, एका पायावर उभी. म्हणाली, "होय. त्यांनी सगळं पूर्ण केलं." परक्या माणसासमोर ती अशी शुद्ध बोलते. आणि मला 'त्यांनी' म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा.

ते गेल्यावर तिने विचारलं, "काय सांगी होतंस?"

मी म्हटलं, "काय नाय. परतताना टॅक्सी करूया."

पुढे दोन मंगळवार राहिले होते. तेही झाले. अकराव्या मंगळवारी तिने देवीपुढे माझं डोकं टेकवलं, स्वतःच्या हाताने मान दाबून. गर्दी होती, मागचे ढकलत होते, तिने हात काढला नाही.

त्या शुक्रवारी तिला ताप आला. तोपर्यंत जखम अंगठ्याच्या खालून आत गेलेली होती. परळच्याच एका हॉस्पिटलात नेलं, जिथे तिने कधीकाळी डबे पोचवले होते. डॉक्टर तरुण होते, रागावले. "इतके दिवस कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? घरात कोणी बघत नाही का?" माधवी रडायला लागली. ती रडली, कारण तिला वाटलं चूक तिची. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. समजूत काढली मी तिची.

अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. आई शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना म्हणाली, "नवस होता, साहेब. फळला." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो.

दोन वर्षांनी उरलेली बोटं. आमच्या चाळीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून आई स्वतःच्या पायांनी खाली उतरली त्याला पाच वर्षं झाली. वॉकर घेऊन गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हॉस्पिटलला न्यायचं तर चाळीतली चार माणसं खुर्ची उचलतात, तात्या जिन्यात पुढे उभे राहून 'सांभाळ, सांभाळ' करतात. एकदा खुर्ची वळणावर अडकली तेव्हा तात्या मला म्हणाले, "नशीबवान हस रे. अशी आवस." हळू म्हणाले. मी खुर्चीचा पाय धरला होता, सोडता येत नव्हता.

आणि या सात वर्षांत मी घाट सांगतोय. थांबवता आला असता ना? आमंत्रणं नाकारता आली असती. दोनदा नाकारलीही. आईच म्हणाली, "कित्याक जायनास? पोरांका सांग. अर्धवट पोरांका तर आधी सांग." पहिल्या मजल्यावर एका बाईचा मुलगा परीक्षेत सारखा नापास होतो. ती आईकडे आली, आणि आईने तिला सांगितलं, देवीशी कसं बोलायचं, अट कशी घालायची. माझं उदाहरण देऊन. ती बाई आता मंगळवारी चालते. तिच्या पायात तरी चप्पल असावी – मी कधी खाली वाकून बघितलेलं नाही.

आता शेवटचं.

गेल्या आठवड्यात टाचेची जखम पुन्हा उघडली. परवा डॉक्टरांनी मला आणि माधवीला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पाय गुडघ्याच्या खालून काढावा लागेल. उद्या सकाळी ऑपरेशनला घेतील. आज दुपारी भेटायच्या वेळात मी आईजवळ बसलो होतो. माधवी औषधं आणायला खाली गेली होती. आईने मला जवळ ओढलं. हाताला सुई टोचलेली, तरी पकड घट्ट.

"ह्या वेळी मी देवीक काय बोलूक नाय हा," ती म्हणाली. "माझ्याकडे देऊक काय रवला नाय. तू बोल."

"मी?"

"तू बोल. तुझा ती ऐकता. तू पुरा करतंस ता तिना बघल्यान हा."

मी तिच्याकडे बघितलं. मंगळवार, पूल, पांढरे पट्टे, 'सांग मरे' – सगळं तिच्या तोंडावर होतं असं नाही. तिच्या तोंडावर फक्त भीती होती. ती घाबरलेली मी कधी बघितली नव्हती. पाय वाचावा असं तिचं मागणं नव्हतं, तेवढं तिने सोडून दिलेलं. तिला भूल दिल्यावर परत जागं व्हायचं होतं. त्याच्यासाठी तिला कोणीतरी हवा होता ज्याच्या शब्दाला देवीकडे किंमत आहे. आणि तिने मला निवडलं.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक केळी सोलत होते. सिस्टर 'वेळ संपली' म्हणत फिरत होती. एक वाक्य. सात वर्षं तेच एक वाक्य. उद्यानंतर ते कोणाला सांगायचं, कोणाला माहीत?

मी हात जोडले. डोळे मिटले. ओठ हलवले. एक शब्दही बोललो नाही – देवीशी काय बोलायचं होतं मला? नुसते ओठ हलवले, तिला दिसेल असे, नवस बोलायला लागतो तेवढा वेळ.

डोळे उघडले तेव्हा आईने डोळे मिटले होते. "झाला?" तिने विचारलं.

"झाला," मी म्हटलं.

तिची पकड सुटली. सिस्टरने पडदा ओढला. मी बाहेर येऊन या बाकावर बसलोय.